त्याची मान खाली आणू द्या : विज्ञान उद्यानाच्या समितीला एका मूर्तिकाराचं खुलं पत्र

मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
विज्ञान उद्यान व्यवस्थापन समिती यांस,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या कार्यालयाकडून मला दरपत्रक मागवणारं पत्र आलं. उद्यानाच्या तळ्यात उभा असलेला लांब मानेचा प्राणी (प्लेसिओसॉर, डायनासोरांच्या काळातला समुद्रात पोहणारा सरपटणारा प्राणी) नव्याने रंगवायचा, त्याच्या डोळ्यांत दिवे बसवायचे, मानेत मोटर घालून ती डावी-उजवीकडे डोलवायची, आणि नव्या बालविभागासाठी त्याचीच दोन पिल्लं करायची. 'आकार व ठेवण मूळ पुतळ्याप्रमाणे', असं त्यात ठळक अक्षरांत होतं. मी दरपत्रक पाठवलेलं नाही आणि पाठवणारही नाही. याआधी आपल्याकडे दोन अर्ज दिले. दोन्हींची पोच माझ्याकडे आहे, उत्तर एकाचंही नाही. म्हणून हे तिसरं पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो आहे.

मूळ पुतळा मी केला आहे, २००३ साली. आणि तो चुकलेला आहे.

उद्यानाचं आणि शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कोणाची फजिती करायची नाही, आणि झालीच तर पहिली माझी होणार आहे. ज्यांनी रविवारी मुलांना तिथे नेऊन त्या मानेखाली फोटो काढलेत त्यांना पत्ता सांगायची गरज नाही.

मी पेणचा. आमच्याकडे तीन पिढ्या गणपतीचं काम चालतं. सीझन संपला की मी फायबरची कामं घेतो: सोसायटीच्या बागेतली हरणं, कमानीवरचे सिंह, एकदा एका हॉटेलसाठी दहा फुटी कोळंबी. २००३ मध्ये आपल्या तेव्हाच्या एका अधिकाऱ्यांनी मला बोलावलं आणि टेबलावर प्लॅस्टिकचं एक खेळणं ठेवलं. हिरवट रंग, बदकासारखे पाय, हंसासारखी मान. म्हणाले, "हेच, पण तीस फुटी." मी खेळणं खिशात घातलं आणि घरी आलो. नाव काय, कुठला, खरा कसा होता, यातलं काही मी विचारलं नाही. घरगुती गणपतीची ऑर्डर घेताना सोंड उजवी की डावी हे मी दोनदा विचारतो. मोदक चुकीच्या हातात दिला तर गिऱ्हाईक मूर्ती दारातून परत आणतं. इथे कोणी परत आणणार नव्हतं, म्हणून मीही विचारलं नाही. हा माझा दोष, तो आधी कबूल करतो.

त्या कामातली एक गोष्ट मात्र तेव्हाच खटकायला हवी होती. आतला सांगाडा लोखंडी पाइपचा, वर जाळी, वर फायबर. चेन-पुलीने तो चौथऱ्यावर उभा केला आणि साखळी सैल सोडली, तसा तो नाकावर आला. पुन्हा उचलला, पुन्हा नाकावर. मान इतकी पुढे आणि इतकी वर की तोल राहीनाच. शेवटी शेपटीच्या पोकळीत आठ पोती सिमेंटचं काँक्रीट ओतलं आणि पाय चौथऱ्याच्या बोल्टला वेल्ड केले, तेव्हा कुठे तो उभा राहिला. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. समुद्रात पोहणाऱ्या प्राण्याच्या शेपटीत काँक्रीट कुठून येणार, हा प्रश्न तिथे उभ्या असलेल्या सहा माणसांपैकी एकालाही पडला नाही.

तो प्रश्न पडायला मला सोळा वर्षं लागली. २०१९ मध्ये भूगर्भशास्त्र शिकणारा एक मुलगा कारखान्यात आला. कॉलेजच्या प्रदर्शनासाठी त्याला इलॅस्मोसॉरस नावाच्या, माझ्या पुतळ्याच्याच जातकुळीतल्या प्राण्याची मान हवी होती, हाडांची, पाव आकारात. सोबत मापांसकट रेखाटनं होती. मी म्हटलं, "किती मणके करायचे?" तो म्हणाला, "बहात्तर." मला वाटलं पोरगं चेष्टा करतंय. आपल्या मानेत मणके सात, आणि त्यानेच सांगितलं की जिराफाच्या मानेतसुद्धा सातच. याच्या मानेत ७२. अख्खा प्राणी सुमारे ३४ फूट, त्यातली मान सुमारे २३ फूट. म्हणजे तीन भागांतले दोन भाग नुसती मान! माझ्या तीस फुटी पुतळ्याची मान बारा फूट आहे. ठेवण तर चुकलीच, मापही चुकलं.

मी ते ७२ मणके शाडूत घडवले. डोक्याजवळचे सुपारीएवढे, खांद्याकडे येताना वाढत वाढत लिंबाएवढे. प्रत्येकाच्या वर पातळ पट्टीसारखा काटा, खाली दोन बाजूंना छोट्या फासळ्या. सुकल्यावर नंबर घालून तारेत ओवले आणि कूर्चेच्या जागी सायकलच्या ट्यूबच्या चकत्या घातल्या. मग ती माळ हातात धरून मी तिला माझ्या पुतळ्यासारखं वळवायला गेलो. वळेना. मणक्यांची समोरासमोरची तोंडं जवळजवळ सपाट, एक दुसऱ्यावर टेकलेलं. वर वाकवायला जावं तर काट्याला काटा लागतो. एकेका सांध्यात थोडीशी हालचाल मिळते आणि सगळ्या सांध्यांची मिळून एक लांबट बाक येतो, धनुष्यासारखा. हंसाची मान जशी अवग्रहाच्या चिन्हासारखी दुमडते, तशी ती दुमडत नाही. मी जोर केला तेव्हा एकतिसाव्या नंबरचा काटा तुटला. तो अजून माझ्या गल्ल्यात आहे.

इथे मी शास्त्रज्ञ असल्याचा आव आणत नाही. ही मान नेमकी किती वाकत असे यावर जाणकारांत आजही वाद आहेत. मणक्यांमधली कूर्चा किती जाड होती ते दगडात उरत नाही, त्यामुळे आकडे वेगवेगळे निघतात. पण पाण्याबाहेर मान उभी करून इकडे-तिकडे बघणारा प्राणी हे चित्र अभ्यासकांनी केव्हाच मोडीत काढलं आहे, आणि त्याचं कारण माझ्या चेन-पुलीने मला २००३ मध्येच दाखवलं होतं. मान पाण्यात असते तोवर तिचा भार पाणी पेलतं. ती बाहेर काढली की तो भार उघडा पडतो. आपण जमिनीवर पाय रोवून ओझं उचलतो. याच्या पायाखाली जमीन नाही, पाणीच आहे. त्यामुळे मान वर जाण्याऐवजी धड पुढून खाली जातं. माझ्या पुतळ्याजवळ बोल्ट होते आणि आठ पोती सिमेंट होतं. त्याच्याजवळ यातलं काही नव्हतं.

(या प्राण्यांच्या पोटाच्या जागी गुळगुळीत दगड सापडतात हे खरं आहे. माझ्या काँक्रीटची बाजू घ्यायला मला ते फार आवडले असते. पण शरीराच्या वजनापुढे ते अगदी किरकोळ भरतात. ते अन्न दळायला होते की तोल धरायला, यावर एकमत नाही.)

मग एवढी मान कशाला? तो मुलगा मणके नेण्यासाठी दोनदा आला आणि दोन्ही वेळा मी त्याला चहावर चहा पाजून हेच विचारत बसलो. एक विचार असा की धड मोठं, माशांना लांबून दिसणारं. ते मागे अंधारात राहतं आणि इवलंसं डोकं थव्यात शिरतं. दात लांब, अणकुचीदार, वरचे-खालचे एकमेकांत बसणारे. तोंड मिटलं की पिंजरा झाला. चावायची सोय नाही, धरायचं आणि गिळायचं. दुसरा पुरावा ऑस्ट्रेलियातला. तिथल्या क्वीन्सलंडमध्ये सापडलेल्या अशाच लांब मानेच्या प्राण्यांच्या पोटात शिंपले आणि गोगलगाई निघाल्या, ते संशोधन २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे धड वर तरंगत ठेवून मान खाली सोडायची आणि समुद्राच्या तळावरचं वेचून खायचं. आमच्याकडे खाडीत बायका वाकून तिसऱ्या (शिंपल्या) वेचतात, तसंच. मला हे चित्र फार पटलं. आणि यातही मान खालीच आहे.

मानेवर मी बराच वेळ घेतला, कारण मोटर तिथेच बसणार आहे. जी मान तशी उभीच राहू शकत नाही ती आता डोलणारही, म्हणजे माझी चूक चालती-बोलती होणार. बाकीच्या तक्रारी थोडक्यात सांगतो.

फलकावर 'समुद्री डायनासोर' असं लिहिलंय. हा डायनासोर नाही. डायनासोरांचे पाय धडाखाली सरळ खांबासारखे, कंबरेचा सांधाच वेगळा. हा प्लेसिओसॉर, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या निराळ्याच शाखेतला. पाल आणि कासव दोघंही सरपटणारे म्हणून पालीला कासव कोणी म्हणत नाही. गंमत अशी की प्लेसिओसॉरस हे नाव १८२१ मधलं आणि 'डायनासोर' हा शब्दच मुळी १८४२ मध्ये रिचर्ड ओवेन या शास्त्रज्ञांनी तयार केला. एकवीस वर्षांनी मोठ्या माणसाला धाकट्याच्या नावाने हाक मारण्याचा हा प्रकार आहे. आणि डायनासोर दाखवायचेच असतील तर आपल्याच राज्यात चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा आहे. तिथे डायनासोरांची हाडं मिळाली आहेत आणि दगड झालेली विष्ठासुद्धा. त्या विष्ठेत गवताच्या खुणा सापडल्याचं २००५ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि डायनासोरांच्या काळातच गवत होतं हे जगाला कळलं. आपल्या उद्यानात पिसदुऱ्याचा साधा उल्लेखही नाही. भारतातलाच समुद्री सरपटणारा हवा असेल तर कच्छमध्ये लोडाई गावाजवळ निघालेल्या इक्थिओसॉरबद्दल २०१७ मध्ये वर्तमानपत्रांत भरभरून आलं होतं. त्याला लांब मान नाही, तो दिसायला डॉल्फिनसारखा, पण तो खरोखर या भूमीतला आहे.

तळ्याच्या काठावर सिमेंटची पाच अंडी आहेत. ती माझी नाहीत, नंतर कोणीतरी बसवली. आपल्यातल्या एका सदस्यांनी मला सांगितलं, "अहो, वेळासला कासवं येतात ना अंडी घालायला, तसंच." ऐकायला पटतं, पण पुरावा उलट आहे. अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये १९८७ साली पॉलिकॉटिलस नावाच्या प्लेसिओसॉरचा सांगाडा निघाला. तो बरीच वर्षं तसाच पडून होता. २०११ मध्ये त्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला: साडेपंधरा फुटांच्या आईच्या पोटात एकच पिल्लू, आणि तेही सुमारे पाच फुटांचं. हा आखूड मानेचा भाऊबंद, हे खरं. पण प्लेसिओसॉरचं अंडं म्हणावं असं आजवर काही सापडलेलं नाही, आणि पोटातलं पिल्लू सापडलं आहे. ढीगभर अंडी घालून निघून जाण्याऐवजी एकच मोठं पिल्लू पाण्यातच जन्माला घालायचं. असं करणारे प्राणी पिल्लाला सांभाळतही असावेत, असा त्या अभ्यासकांचा अंदाज आहे. आपल्या बालविभागाला याहून चांगली गोष्ट कोणती मिळणार होती? ती सोडून आपण पाच सिमेंटची अंडी ठेवलीत, ज्यांवर बसून मुलं वडापाव खातात.

पायांचं पाप परत माझंच. खेळण्यात बदकाचे पाय होते, मी बदकाचे केले, वर नखं लावली. प्रत्यक्षात चारही पाय म्हणजे चार वल्ही. आत बोटांची हाडं पुष्कळ, बाहेरून मात्र एकसंध पातं. पुढचे दोन आणि मागचे दोन जवळजवळ सारखेच, असा दुसरा पोहणारा आज जगात नाही. कासव मुख्यतः पुढच्या पायांवर पोहतं, मागचे दिशा बदलायला. हा चारही कसे वापरत असेल हे बघण्यासाठी इंग्लंडमधल्या संशोधकांनी यंत्राची वल्ही करून पाण्याच्या टाकीत चालवली. २०१७ मध्ये त्यांनी लिहिलं की पुढच्या वल्ह्यांनी पाण्यात उठवलेल्या भोवऱ्यांत मागची वल्ही नेमक्या वेळी फिरली तर त्यांचा रेटा ६० टक्क्यांपर्यंत वाढतो. डोलकरांना हे सांगावं लागत नाही: पुढच्याने पाणी ढवळलं की मागच्याने कधी मारायचं याला हात बसावा लागतो.

कातडीबद्दल मात्र मला कोणी दोष देऊ नये. अंगभर मगरीसारखे खवले मी सोड्याच्या बाटलीच्या बुचाने एक एक उठवले होते, चार दिवस लागले. जर्मनीत होल्झमाडेनजवळ सापडलेल्या १८.३ कोटी वर्षांपूर्वीच्या एका प्लेसिओसॉरची टिकून राहिलेली कातडी तपासली गेली, तिचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले. शेपटीकडचा भाग गुळगुळीत, वल्ह्यांवर बारीक खवले. हे २००३ मध्ये कोणालाच माहीत नव्हतं. तेव्हा नव्याने रंगवणारच आहात तर धडावरचे माझे खवले घासून काढा. चार दिवसांच्या मेहनतीवर पाणी पडेल, पण ठीक आहे.

आता ध्वनिफीत. बटण दाबलं की एक भारदस्त आवाज सांगतो, "असे म्हणतात की हा प्राणी आजही स्कॉटलंडच्या लॉक नेस सरोवरात जिवंत आहे." कोण म्हणतात? विज्ञान उद्यानात 'असे म्हणतात' चालतं का? ज्या फोटोवर हे सगळं उभं राहिलं तो १९३४ मध्ये छापला गेला. खेळण्यातल्या पाणबुडीवर डोकं आणि मान बसवून तो काढल्याची कबुली १९९४ मध्ये जगापुढे आली. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीपर्यंत ते सरोवर बर्फाखाली होतं, आणि प्लेसिओसॉर ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपले. २०१८ मध्ये न्यूझीलंडच्या शास्त्रज्ञांनी तिथल्या पाण्याचे नमुने घेऊन त्यातला डीएनए तपासला. सरपटणाऱ्या अजस्र प्राण्याचा मागमूस नाही, वाम माशांचा मात्र भरपूर. माझं खेळणं आणि तो फोटो यांतली मान अगदी एकसारखी आहे हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. एका खेळण्यावरून काढलेला फोटो, त्या घडणीचं दुसरं खेळणं, आणि त्यावरून तीस फुटी पुतळा. फायबरची इतकी कामं केली, पण साच्यावरून साचा आणि त्यावरून साचा काढला की नाकडोळे बुजत जातात हे मला शाडूतच शिकवलं होतं.

शेवटची तक्रार जरा मनाला लागलेली. जुन्या फलकावर खाली दोन ओळी होत्या, तेव्हाच्या एका निवृत्त शिक्षकांनी लिहून दिलेल्या. पहिला संपूर्ण प्लेसिओसॉर मेरी ॲनिंग नावाच्या बाईंनी शोधला, असं त्यात होतं. नव्या फलकावर त्या जागी प्रायोजकाचं बोधचिन्ह आहे.

मेरी ॲनिंग इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम रीजिस गावात राहायच्या. वडील सुतार. बापलेक मिळून कड्यांतून निघणारे दगडी शंख-शिंपले गोळा करून पर्यटकांना विकत, आणि वडील गेल्यावर तोच घरचा आधार झाला. हिवाळ्यात वादळाने दरड कोसळली की नवं काही उघडं पडायचं, म्हणून सगळ्यात धोक्याच्या दिवसांत त्या कड्याखाली असत. अशाच एका दरडीत त्यांचा कुत्रा डोळ्यांदेखत गाडला गेला. १८२३ च्या डिसेंबरात त्यांना हा सांगाडा मिळाला. पॅरिसचे कुव्हिए म्हणजे तेव्हाचे या विषयातले शेवटचा शब्द. मानेत एवढे मणके असूच शकत नाहीत, दोन प्राण्यांची हाडं जोडली असावीत, अशी शंका त्यांनी घेतली. (मला बहात्तर ऐकून जे वाटलं तेच. मोठ्या माणसाच्या पंगतीत बसल्याचं तेवढंच समाधान.) फेब्रुवारी १८२४ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत तो सांगाडा मांडला गेला आणि अस्सल ठरला. मांडणाऱ्या विल्यम कॉनिबेअर यांनी मेरी ॲनिंगचं नाव घेतलं नाही. बायकांना त्या संस्थेत सभासद होता येत नव्हतं, ते १९१९ पर्यंत. तो सांगाडा आज लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये आहे.

पुतळ्याखाली माझं नाव नाही, त्याचं मला काही वाटत नाही. गणपतीखाली तरी कुठे असतं? पण दोनशे वर्षांपूर्वी जे नाव खोडलं गेलं आणि एका शिक्षकाने इतक्या लांब आपल्या गावातल्या फलकावर परत लिहिलं, ते आपण पुन्हा खोडलंत. तेही एका बोधचिन्हासाठी, जे शेजारच्या मोकळ्या जागेत आरामात मावलं असतं.

माझ्या अर्जांवर लेखी उत्तर आलं नाही, पण एकदा काउंटरवर तोंडी मिळालं: "काका, मुलांना फोटो काढायचा असतो. मान खाली केली तर फोटोत काय येणार?" त्या मुलावर माझा राग नाही. प्रश्न रास्त आहे, मी त्यावर विचार केलाय, उत्तर पुढे देतो.

आमच्या मागण्या अशा. 'आमच्या' म्हणतो, कारण मणक्यांची माळ ज्याने करून घेतली तो मुलगा आणि शहरातले तीन विज्ञान शिक्षक यांच्याशी बोलून त्या ठरवल्या आहेत.

१. मानेत मोटर बसवू नये.

२. मान खांद्यापासून कापून नव्याने जोडावी: लांबी वीस फूट, जवळजवळ सरळ, पाण्याला समांतर, टोकाकडे हलकी खाली झुकलेली, डोकं पाण्यात. तळं साडेतीन फूट खोल आहे, ते पुरतं. पाय काढून वल्ही बसवावीत. मजुरी मी घेणार नाही. पाइप, मॅट, रेझिन आणि रंग आपण द्यावेत. दोन पिल्लं आणि मोटर यांचा खर्च वाचतो आहे, त्यातून हे सहज होईल.

३. फोटोचं उत्तर: वीस फूट मान काठाला समांतर आडवी आली की तिच्या बाजूने एक अख्खा वर्ग रांगेत उभा राहू शकतो. कठड्यावर मणक्यांचे नंबर १ ते ७२ रंगवा. मुलं मोजत जातील. सध्याच्या मानेखाली एका वेळी तीनच मुलं मावतात आणि चौथं रडतं.

४. अंडी काढावीत. पिल्लू करायचंच असेल तर एकच करावं, आईच्या जवळ, पाण्यात.

५. 'समुद्री डायनासोर' हे शब्द आणि ध्वनिफितीतलं लॉक नेसचं वाक्य काढावं. मेरी ॲनिंग यांच्या दोन ओळी परत लिहाव्यात. नवा मजकूर शहरातल्या कॉलेजच्या भूगर्भशास्त्र विभागाला दाखवून मगच रंगवावा. इथून पुढे कुठलाही प्राणी करायला देण्याआधी हीच रीत असावी. खेळणं दाखवून काम देऊ नये, आणि माझ्यासारख्याने खेळणं बघून घेऊ नये.

६. जुन्या पुतळ्याचा फोटो बाजूला लावावा आणि खाली लिहावं की २००३ ते आतापर्यंत आम्ही हा असा दाखवत होतो आणि तो चूक होता. माझं नाव घालायला हरकत नाही.

सहाव्या मागणीला विरोध होईल हे मला माहीत आहे. संस्थेची शोभा जाते, असं म्हणाल. तर ज्या इलॅस्मोसॉरसची मान मी शाडूत ओवली, त्याची गोष्ट ऐका. १८६७ मध्ये कॅन्ससमध्ये एका लष्करी डॉक्टरला हा सांगाडा मिळाला. आज तिथे गव्हाची शेती आहे, आठ कोटी वर्षांपूर्वी समुद्र होता. हाडं फिलाडेल्फियाला एडवर्ड कोप या जीवाश्मांच्या अभ्यासकांकडे गेली. त्यांनी सांगाडा मांडला, चित्र काढलं, छापलं, आणि डोकं बसवलं शेपटीच्या टोकाला. एवढी लांब मान असेल हे त्यांच्या मनातच आलं नाही. लांब ती शेपटी आणि आखूड ती मान, असा सरळ हिशेब. १८७० मध्ये जोसेफ लायडी या दुसऱ्या अभ्यासकांनी ती चूक जाहीर दाखवून दिली. कोप यांनी छापलेल्या प्रती परत मिळवण्याची धडपड केली, पण सगळ्या काही मिळाल्या नाहीत. आज दीडशे वर्षांनी त्या सांगाड्याची गोष्ट सांगताना लोक त्या चुकीपासूनच सुरुवात करतात, आणि कोप यांना त्यामुळे कोणी लहान मानत नाही. आपल्या पुतळ्याच्या प्रती तर परत मागवायची सोयच नाही. बावीस-तेवीस वर्षांतल्या प्रत्येक सहलीतल्या मुलांच्या घरी त्या आहेत.

उत्तर तोंडी नको, लेखी हवं. पुढची सभा ज्या दिवशी असेल त्या दिवशी मी मणक्यांची माळ घेऊन येतो. मुलाने प्रदर्शनानंतर ती मलाच परत दिली. प्रत्येक सदस्याने ती एकदा हातात धरून वर वाकवून बघावी एवढीच विनंती, फक्त जपून, एकतिसावा आधीच तुटलेला आहे.

माझ्याकडे मोठ्या मूर्तींचं काम अंगावर येण्याआधी पंधरा दिवस मोकळे आहेत. कटर, वेल्डिंग मशीन आणि दोन पोरं मी आणतो. तळ्यातलं पाणी आदल्या रात्री काढून ठेवा आणि शेपटीकडून जपून जायला सांगा. आतलं काँक्रीट फोडायला ब्रेकर लागेल.

आपला,
तो पुतळा करणारा मूर्तिकार, पेण